अबार्थ पुंटोला कोन फिल्टर: पत्रा, बीडिंग आणि पांढरा फडका

आधी कबुली देतो. हा उद्योग मी आवाजासाठी केला. एक्सलरेटर सोडला की बॉनेटखालून जो ‘फुस्स’ येतो, तो मला हवा होता. कोन फिल्टर, म्हणजे मूळ डबा काढून लावायचा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, लावून पॉवर वाढते असं सांगणारे खूप भेटतील, मीही वर्षभर तेच सांगत फिरत होतो. मग एक दिवस मोजलं आणि गप्प बसलो.

मी भोसरीत टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. गाडी सेकंडहँड घेतलेली फियाटची अबार्थ पुंटो, २०१६ ची, एमएच १४ पासिंग. १३६८ सीसीचं टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असं कंपनी सांगायची. ही गाडी इटलीहून आलेली नव्हे, आपल्या रांजणगावातून बाहेर पडलेली. घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेली आणि तरी आज तिचा साधा प्लॅस्टिकचा क्लिप मिळवायला दहा फोन करावे लागतात. हे आत्ताच डोक्यात ठेवा, कारण पुढे ‘जपून काढा’ असं मी फार वेळा म्हणणार आहे.

तशी ही गाडी या कामाला शोभते. कार्लो अबार्थने १९४९ मध्ये कंपनी काढली. पुढे तिचं नाव घरोघरी झालं ते साध्या फियाट गाड्यांसाठी विकलेल्या सायलेन्सर आणि सुट्या सामानाच्या किटमुळे. लाकडी खोक्यात सगळे भाग, ते घरी न्या आणि बसवा. म्हणजे आपण करतोय ते परंपरेला धरूनच आहे, असं बायकोला सांगून पाहिलं. पटलं नाही.

मोजलं काय, ते आधी सांगतो. हे इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा मिनिटाला साधारण पाच-सहा हजार लिटर हवा ओढतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी दहा-बारा सेकंदांत रिकामी, असा हिशोब. एवढी हवा फिल्टरमधून जाताना अडते किती, हे कळायला महागडं मीटर लागत नाही. दोन मीटर पारदर्शक नळी, पाणी आणि एक लाकडी पट्टी पुरते. नळी यू आकारात पट्टीवर चिकटवली, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं. भंगारातून एअरबॉक्सचं, म्हणजे फिल्टरच्या मूळ डब्याचं, दुसरं झाकण आणलं होतं. त्याला फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला भोक पाडून नळीचं एक टोक जोडलं, दुसरं टोक मोकळं. पट्टी धरून पुतण्या शेजारी बसला. पहाटे सहाला दिवे घाटाचा चढ, दुसरा गिअर, पाय तळाला, पाच हजार आरपीएमपर्यंत. पाण्याच्या दोन पातळ्यांत जितक्या सेंटिमीटरचा फरक पडतो, तितकी अडवणूक. दहा सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल.

“काका, अठ्ठावीस... नाही, एकतीस!”

हा जुना कागदी फिल्टर, २२ हजार किलोमीटर चाललेला. त्याच दिवशी नवा कागदी टाकला, तर १४. दुसऱ्या रविवारी त्याच डब्यात कापसाच्या जाळीचा चपटा पॅनेल फिल्टर टाकला, तर ९. आता बेरीज-वजाबाकी करा. जुना काढून नवा कागदी टाकल्याने १७ सेंटिमीटर सुटले, तेही काही शे रुपयांत. त्यापुढे परफॉर्मन्स फिल्टरने मिळवले ५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा किलोपास्कल. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवून ओबीडी ॲपवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवतं ते) हवेचा दाब पाहिला तर पुण्यात ९४-९५ किलोपास्कल दिसतात, समुद्रकाठी १०१. पुण्यात राहण्याचा दंड सहा किलोपास्कल आणि फिल्टर देणार अर्धा. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, ही सगळी तूट बरीचशी भरून काढतो, ते वेगळंच. म्हणून पॉवरसाठी करणार असाल तर नवा कागदी फिल्टर टाका आणि इथेच थांबा, खरंच सांगतो. आवाजासाठी करणार असाल तर पुढे वाचा. पण मग एकच गोष्ट सांभाळायची: आत जाणारी हवा आधीपेक्षा मळकी किंवा गरम होता कामा नये.

माझी पहिली चूक

पहिल्यांदा मी बाजारातला चकाकणारा स्वस्त कोन आणला आणि पाइपाच्या तोंडाला क्लिपने आवळला. एक तासाचं काम. आवाज झकास. पाचशे किलोमीटरनंतर सहज म्हणून क्लिप सैल केली आणि पाइपाच्या आत पांढरा फडका फिरवला. फडका पिवळसर तपकिरी होऊन आला. बोटांनी चोळला तर कचकच. मोशीच्या खाणी आणि क्रशरच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला ती कचकच ओळखू येते. दगडाच्या भुकटीतलं क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत त्यापुढे काय टिकणार? आणि टर्बोचं कंप्रेसर व्हील तर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं.

धूळ कुठून आली? जाळीतून थोडी आली असेल. पण मुख्य वाट दुसरीच होती. फिल्टरच्या मानेचं भोक पाइपापेक्षा पाच मिलिमीटर मोठं होतं. क्लिप आवळत गेलो तसं रबर एका जागी दुमडलं आणि चुणी पडली. त्या चुणीतून नखाएवढी फट, आणि फटीतून न गाळलेली हवा थेट टर्बोत. जाळी कितीही भारी घ्या, मानेला चुणी पडली की सगळं फुकट.

काय आणायचं

फिल्टर घेण्याआधी पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. दोन दिशांनी मोजा, कारण जुना पाइप गोल राहिलेला नसतो. कॅटलॉगमध्ये गाडीचं नाव बघून मागवू नका. फिल्टरच्या मानेचा आतला व्यास पाइपाएवढाच हवा, फार तर एक मिलिमीटर मोठा. त्याहून फरक असेल तर मध्ये सिलिकॉनचा रिड्यूसर (दोन वेगळे व्यास जोडणारी नळी) टाका.

जाळीचे मुख्य प्रकार तीन. तेल लावलेला कापूस, कोरडा सिंथेटिक आणि तेलाचा फोम. आपल्याकडच्या धुळीला मी कोरडा सिंथेटिक पसंत करतो. तेलाच्या फिल्टरला वाईट म्हणत नाही, पण तो वेळच्या वेळी धुऊन, नेमकं तेल लावून वापरणारा माणूस हवा. ज्या गाड्यांमध्ये हवा मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर असतो, त्यांत जास्तीचं तेल उडून त्या तारेवर बसतं आणि रीडिंग भरकटतं. टी-जेटमध्ये तो सेन्सर नाही, दाब आणि तापमानावर हिशोब चालतो. तेवढी एक काळजी आपल्याला कमी. खोक्यावर आयएसओ ५०११ प्रमाणे चाचणी केल्याचं आणि किती टक्के धूळ अडते याचं लिहिलेलं असेल तर तो घ्या. नुसतं ‘हाय फ्लो’ लिहिलं असेल तर दुकानदाराला परत द्या. काहीच न अडवणारी चाळणीसुद्धा हाय फ्लोच असते.

बाकीचं सामान: दोन चांगल्या स्टीलच्या होज क्लिप. त्यांची पट्टी आतून गुळगुळीत असावी, खाचा आरपार असलेल्या क्लिप सिलिकॉन कापतात. दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन फूट बाय दोन फूट. दरवाजाला लावतात ती रबरी बीडिंग दोन मीटर, नाना पेठेत मिळाली. रबर बुश असलेलं एक छोटं ब्रॅकेट. आणि मासे पाळणारे टाकीत लावतात तो वायरचा थर्मामीटर. तो कशाला, ते सांगतो.

ओबीडी ॲपवर हवेचं तापमान दिसतं आणि लोक त्याचे स्क्रीनशॉट काढून ‘बघा, काही फरक नाही’ म्हणतात. माझ्या गाडीत तो सेन्सर इंटेक मॅनिफोल्डवर, सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांवर आहे, म्हणजे टर्बोतली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या पुढे. फिल्टरने ओढलेली हवा किती गरम होती, हे त्याला उशिरा आणि अर्धंमुर्धंच कळतं. म्हणून माशांच्या टाकीवाला थर्मामीटर घेतला, त्याचं टोक फिल्टरच्या जाळीपासून दोन बोटांवर टायने बांधलं आणि वायर खिडकीतून आत घेतली. बाहेर ३४ अंश, नाशिक फाट्याच्या रांगेत दहा मिनिटं. मूळ डब्यात असताना ४६. उघडा कोन, ७१. नंतर पत्र्याची पेटी केल्यावर ५२. गाडी साठच्या वेगाने धावू लागली की पेटीतला आकडा बाहेरच्या तापमानाच्या तीन-चार अंशांवर येतो. दर दहा अंशांना हवा सुमारे तीन टक्के विरळ होते. उघडा कोन लावून थोडीशी अडवणूक वाचवायची आणि सिग्नलवर पंचवीस अंश गरम हवा गिळायची, हा व्यवहार तोट्याचा.

पेटी

गाडीला हात लावायच्या आधी पेटी तयार ठेवा, नाहीतर रविवार संध्याकाळी गाडी उघडी आणि सोमवारी ड्यूटी.

नमुना पुठ्ठ्याचा करा. मी मिक्सरच्या खोक्याचा केला. तीन भिंती आणि तळ. बॉनेट बंद झालं की तेच पेटीचं झाकण होतं, म्हणून भिंतींच्या वरच्या कडेला बीडिंग. एक भिंत इंजिनच्या बाजूला, तिच्यात पाइपासाठी गोल भोक. हे भोक पाइपापेक्षा चांगलं पंचवीस मिलिमीटर मोठं ठेवा. इंजिन त्याच्या माउंटिंगवर हलतं, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना तर चांगलंच डोलतं. पत्रा बॉडीला बांधलेला आणि पाइप इंजिनाला, म्हणजे घासाघाशी ठरलेली. भोकाच्या कडेलाही बीडिंग लावा, फट भरायला मऊ फोम. पुढच्या बाजूला मूळ डब्याचा ग्रिलकडून हवा आणणारा नळा आहे, तो तसाच ठेवून पेटीत सोडायचा. लोक तो काढून फेकतात. अरे, थंड हवेची वाट कंपनीने आयती दिली आहे!

पुठ्ठा बसला की पत्र्यावर रेषा मारा आणि कापा. वाकवताना पत्रा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळा, कोपरा नेटका येतो. सगळ्या कडांची बर, म्हणजे कापताना उरलेली खरबरीत धार, कानशीने काढा. बर राहिली तर दोन गोष्टी होतात: तुमचा हात कापतो, आणि तो कण कधीतरी सुटून फिल्टरजवळ पडतो. पेटी बॉनेटखाली ठेवून बघताना बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाकडे लक्ष. ॲल्युमिनियमचा पत्रा तिथं टेकला की काय होतं, ते एकदा आमच्या शॉपमध्ये पान्याने झालेलं पाहिलंय. पाना वेल्डिंगसारखा चिकटला होता. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, पॉझिटिव्हवर रबरी टोपी घाला, आणि पत्रा नि टोक यांत तीन बोटं अंतर ठेवा.

बॉनेटची उंची बघायला कणकेचा गोळा वापरा. लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिल्टरच्या सर्वांत उंच जागी ठेवायचा, बॉनेट सावकाश बंद करून उघडायचं आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजायची. माझा पहिल्या वेळी ८ मिलिमीटरला चेपला. १५ तरी हवेत. ब्रॅकेट खाली घेतलं, पुन्हा कणीक. बायको दारात उभी राहून हे बघत होती, बोलली काही नाही.

बसवणं

इंजिन पूर्ण गार हवं. मी आदल्या रात्री गाडी लावतो आणि सकाळी हात घालतो. एक्झॉस्टवरचं पत्र्याचं झाकण दोन तासांनीही चटका देतं. मोबाइलने चार बाजूंनी फोटो काढा, नळ्या कुठून कुठे जातात ते दिसेल असे. बॉनेटखालची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसा. डबा उघडल्यावर वरून पडणारी धूळ कुठे जाणार, हे सांगायला नको.

बाहेर पडणारा प्रत्येक स्क्रू आणि वॉशर स्टीलच्या वाटीत, खाली चुंबक. मोजून. डब्याचे सगळे स्क्रू काढले असं वाटूनही तो हलत नसेल तर हिसका देऊ नका; एखादा स्क्रू राहिलेला असतो, बोटांनी चाचपून शोधा. दहा वर्षांचं प्लॅस्टिक आहे, कानाकोपऱ्यातली खुंटी मोडली तर नवी मिळणार नाही. इंजिनच्या वरून येणारी ब्रीदरची नळीही याच पाइपाला जोडलेली असते. ती कडक झालेली असते. ओढायची नाही. हेअर ड्रायरने मिनिटभर शेकायची आणि पिळत पिळत सोडवायची. ब्रीदरमधून इंजिनचा तेलकट वाफारा येतो. तो परत इंटेकमध्येच जायला हवा, म्हणून नव्या पाइपालाही त्याची तोटी लागणारच. ‘ब्रीदर उघडा सोडला तर चालतं’ असं सांगणारे गॅरेजवाले आहेत. त्याने वास केबिनमध्ये येतो, तेल बॉनेटखाली उडतं आणि मघाची धूळ तिथूनच आत शिरते.

डबा निघाला की टर्बोकडे जाणारं पाइपाचं तोंड उघडं पडतं. त्याच क्षणी ते बंद करायचं, पाच मिनिटांसाठी का होईना. मी भडक लाल फडक्याचा बोळा घालतो आणि त्याला बांधलेली दोरी स्टिअरिंगपर्यंत नेतो. बोळा आत विसरून गाडी चालू केलेला माणूस मला माहीत आहे. तो माणूस मी नव्हतो, एवढंच समाधान.

आता पेटी आत सोडा आणि मूळ डब्याच्याच भोकांत रबर बुश ठेवून बांधा. बॉडीत नवीन भोक पाडू नका, गंजाला आमंत्रण कशाला? रिड्यूसर पाइपावर चढवण्याआधी पाइपाचं तोंड पुसून कोरडं करा. ग्रीस किंवा तेल लावून चढवायचा मोह होतो, पण तसा चढवलेला रिड्यूसर इंजिनच्या हादऱ्यांनी नंतर घसरतो. फारच अडत असेल तर नुसतं पाणी लावा, ते वाळून जातं. पाइप रिड्यूसरमध्ये पंचवीस-तीस मिलिमीटर आत गेला पाहिजे, आणि क्लिप कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आत. बोळा काढा, टॉर्चने आत बघा, वाटीतले स्क्रू मोजा, मगच फिल्टर चढवा.

क्लिप किती आवळायची? पट्टीच्या कडेला रबर किंचित फुगायला लागलं की थांबा. मग आरसा धरून मानेभोवती पूर्ण गोल फिरून चुणी आहे का बघा, खालच्या बाजूला विशेष. चुणी दिसली तर आणखी आवळून ती बसत नाही. मापच चुकलंय, सोडा आणि दुसरा रिड्यूसर आणा. फिल्टरच्या टोकाला ब्रॅकेटचा आधार द्या. नुसत्या मानेवर लटकलेला कोन खड्ड्यात नाचतो आणि महिन्याभरात क्लिप सैल करतो.

बॅटरी जोडा, गाडी चालू करा. आयडल मिनिटभर वर-खाली झालं तर घाबरू नका. आता अगरबत्ती. एक पेटवून प्रत्येक जोडाजवळ, क्लिपच्या कडेकडेने हळू फिरवायची, कुणाला तरी आत बसवून अडीच हजार आरपीएम धरायला सांगायचं. धूर सरळ वर जातो तिथं सगळं ठीक. धूर वाकून फटीकडे ओढला गेला की गळती सापडली. पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर मात्र अगरबत्ती काढायचीच नाही. हात पंख्याच्या पात्यांपासून लांब, पंखा कधीही सुरू होतो.

पन्नास किलोमीटरनंतर गार इंजिनावर क्लिप पुन्हा बघा. सिलिकॉन बसतं आणि अर्धा फेरा सैल होतोच. पाचशे किलोमीटरनंतर फडक्याची परीक्षा. माझ्या शॉपमधली पद्धत अशी: फिल्टर बसवतानाच पाइपाच्या आतल्या भिंतीवर एका जागी, पैशाएवढं, ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवून ठेवायचं. आत शिरलेली धूळ तिथं चिकटते. दुसऱ्या वेळी मी क्लिप सोडून बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं. मऊ. पुन्हा चोळलं. मऊच.

सांभाळायचं कसं

दर पाच हजारांना पेटी उघडून बघा. कंपन्या ऐंशी हजार किलोमीटरचे आकडे छापतात, ते वाघोलीच्या क्रशरपासून लांब राहणाऱ्यांसाठी. तेलाचा कापसी फिल्टर असेल तर त्याच कंपनीचं क्लीनर फवारून दहा मिनिटं भिजू द्या, मग कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवा, म्हणजे मळ आला तसा परत जातो. सावलीत स्वतःहून वाळू द्या, लागली तर रात्रभर. मग प्रत्येक घडीवर तेलाची एकच रेघ, वीस मिनिटं थांबून कोरडी जागा दिसली तर तेवढ्यावरच पुन्हा. रॉकेल नाही, पेट्रोल नाही. आणि कंप्रेसरची हवा तर मुळीच नाही. सर्व्हिसिंगला दिलेल्या एका गॅरेजात पोराने मोठ्या आपुलकीने माझ्या फिल्टरवर एअर गन मारली. उजेडात धरला तर घडीच्या तळाशी टाचणीएवढी सहा भोकं. सहा. तेव्हापासून गाडी द्यायच्या आधी फिल्टरवर मार्करने ‘हात लावू नये’ लिहिलेलं असतं.

पावसाळ्यात कोन बंपरमागे खाली लोंबकळत असेल तर जून ते सप्टेंबर मूळ डबा लावा. भुयारी रस्त्यात साचलेलं पाणी एकदा ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि टी-जेटचा रॉड शोधण्यापेक्षा नवी गाडी शोधणं सोपं. माझी पेटी मूळ डब्याच्याच उंचीवर आहे, म्हणून मी बदलत नाही, पण तळाला दोन छोटी भोकं पाडली आहेत, पाणी निथळायला.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आली. मूळ डब्यात बसणारा पॅनेल फिल्टर आणि उघडा कोन यांत अडवणाऱ्याला दिसणारा फरक मोठा आहे. विमा कंपनीला कळवा, लेखी. गाडी अजून वॉरंटीत असेल, म्हणजे पुंटो नव्हे, दुसरी कुठली असेल, तर डीलरशी आधी बोला.

मूळ डबा, त्याचे स्क्रू, रबरी बुश आणि नळा एका गोणीत बांधून मी माळ्यावर ठेवलाय. गोणीवर मोठ्या अक्षरांत ‘पुंटो. भंगार नव्हे’. दिवाळीच्या साफसफाईत आईने ती दोनदा खाली आणली होती.